राजानं धरलेलं व्रत आणि पडद्याआडची राणी

मंडळी, मला एक सांगा. आपण व्रत धरतो ते स्वतःला आवरायला, की चारचौघांनी बघावं म्हणून? लगेच माना डोलवू नका, आधी ऐका!

रत्नकेतू नावाचा राजा होता. तरुण, देखणा, पण एक खोड – जे करायचं ते गाजावाजा करून! चातुर्मास लागला आणि महाराजांनी दवंडी पिटवली – "आम्ही आणि आमचे मित्र भास्करपंत ग्रंथाचं अध्ययन करणार. भुईवर निजणार. एकवेळ जेवणार. आणि समाप्तीपर्यंत स्त्रीचं तोंड पाहणार नाही!"

राणी सुमेधा म्हणाली, "मलाही ऐकायचाय ग्रंथ. कोपऱ्यात बसेन."

"छे! तू म्हणजे विघ्न."

लग्नाच्या बायकोला विघ्न म्हणाला, मंडळी! तिला फार लागलं ते. ती आत निघून गेली.

दालनाला पडदा लागला. एकवेळच्या जेवणात काय? वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, साजूक तुपातल्या बटाट्याच्या काचऱ्या! देह झिजवावा तो असा! आणि रांधणार कोण? ते विघ्नच!

पडद्याखालून ताट सरकायचं. ताटाबरोबर हात, हातात हिरवा चुडा. व्रत तोंड न पाहण्याचं होतं, हाताचं कुठे होतं? पळवाट काढायला माणसाला शिकवावं लागत नाही. राजा सकाळपासून बांगड्यांची वाट बघू लागला. पोथी उघडी, पान तेच. एका दुपारी पंतांनी पाहिलं – महाराज पोथीआड राणीवर कविता करताहेत!

"महाराज, हे काय?"

"श्लोकाचा अर्थ लावतोय. पण पंत, तुमच्या पोथीत गजरा कसला?"

"खूण घातलीय, महाराज. पान हरवू नये म्हणून."

दोघांनी एकमेकांना क्षमा केली. असे सहाध्यायी मिळायला भाग्य लागतं.

कार्तिकात उद्यापन. त्याच दालनात सगळी प्रजा जमली. उपाध्याय म्हणाले, "महाराज, संकल्पाचं पाणी सोडायचं. राणीसाहेब कुठे आहेत? त्यांचा हात आपल्या हाताला लागल्याशिवाय उद्यापन होत नाही."

घ्या! जिचं तोंड पाहिलं तर व्रत मोडतं, तिच्या हाताशिवाय ते पुरं होत नाही! हे आधी कुणालाच सुचलं नव्हतं. महाराज पडद्यापाशी गेले. "सुमेधा, चल. लोक खोळंबलेत."

"विघ्नाचा हात कशाला लावून घेता?"

"चुकलं माझं. पण तू आली नाहीस तर सगळं व्रत फुकट जाईल गं."

"येते. आधी ग्रंथात काय वाचलंत ते सांगा."

राजा पंतांकडे बघतो, तर पंत छताकडे बघताहेत. शेवटी राजाची मान खाली गेली. "काही नाही वाचलं. तुझ्या बांगड्या ऐकत बसलो."

तिला हसू आलं आणि रागही आला. तिनं पडदा ओढून काढला, बाहेर आली, पोथी उचलली. "उद्यापन राहू द्या. मी पहिल्या पानापासून वाचायला बसतेय. दवंडी नको, पडदा नको. ऐकायचं असेल तर शेजारी बसा."

आणि राजा भरल्या सभेत तिच्याशेजारी चटईवर बसला, मंडळी. अध्ययन त्या दिवशी सुरू झालं.

हसलात ना? बरं झालं. आज तुमचीही एकादशी. पुढे सगळी पुरुषमंडळी बसलीत, कपाळाला बुक्का लावून. मागे चार आज्या. बाकीच्या बाया कुठे आहेत? खिचडीचा वास येतोय ना, तिथे आहेत. उपवास तुमचा आणि धुरानं डोळे चुरचुरताहेत त्यांचे. आरती मी अजून लावलेली नाही. पुढच्या ओळीतल्यांनी उठायचं, मागे जाऊन चूल सांभाळायची आणि त्यांना इथे, आपल्या जागेवर आणून बसवायचं. माझ्याकडे काय बघताय? उठा. मी थांबलोय.