आधी नाव, मग नाटक

आबा, आप्पा, मामा, आन् माझ्या सगळ्या आया-बहिणींनो, कामधंदा सोडून तुम्ही आलात. शकूताई असत्या तर एवढी माणसं बघून आधी म्हणाल्या असत्या, "मागच्यांना ऐकू जातंय का बघा गं." माझ्या हातात माईक दिलाय. रडू येतंय, व्हय. पण त्याहून जास्त भीती वाटती.

मी सुरेखा. कंपनीत पॅकिंगला हाय, आन् कॉलेजात असल्यापासून ताईंच्या नाटकात काम करती. ताई दिवसा ब्लाऊज शिवायच्या आन् संध्याकाळी इथंच, शिरूरच्या मार्केट यार्डामागच्या शेडमधी आमची नाटकं बसवायच्या. गेल्या आठवड्यात छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ताई गेल्या. अजून खरं वाटत न्हाई.

पहिल्या दिवशी मी त्यांना रडून दाखवलं व्हतं. सिरियलमधल्या बायांसारखं, तोंडावर हात घेऊन. ताईंनी मधीच थांबवलं. "हे कुणाचं रडणं? तुझी आई अशी रडती का?" माझी आई रडताना चूल फुंकत राहती, म्हंजी डोळ्यांतलं पाणी धुराच्या नावावर जातं. तसं करून दाखवलं. ताई म्हणाल्या, "हां, हे तुझं. उसनं घालून मिरवायचं न्हाई."

त्यांचा एक नियम तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. नाटकाच्या आधी एकेकानं पुढं यायचं. पूर्ण नाव सांगायचं, गाव सांगायचं, आन् गावातली वस्ती सांगायची. पहिल्या ताई स्वतः. "शकुंतला साळवे, शिरूर, बौद्धवाडा." आवाज असा खणखणीत! मग मराठ्यांची पोरं सांगायची, मोहल्ल्यातला सलीम सांगायचा. ताई म्हणायच्या, "चौकात उभं राहून न्याय मागायचा आन् आपण कोण ते झाकायचं? लोकांनी का ऐकावं मग आपलं?"

मी सांगायचे, "सुरेखा गायकवाड, खुटबाव." एवढंच. वस्ती गिळायचे.

का गिळायचे? तिकडं तिसऱ्या रांगेत माझ्या घरमालकीण काकू बसल्यात, म्हणून. काकू, उठून जाऊ नका. खोली बघायला आले तवा तुम्ही विचारलंत, "गायकवाड म्हंजी आपल्यातलेच ना?" त्याच्या आधी जिथं जिथं वस्ती सांगितली, तिथं तिथं "खोली कालच गेली" असंच ऐकलं व्हतं. आमचं आडनाव दोन्हीकडं हाय. मी नुसती मान हलवली. तवापासून जीव मुठीत धरून राहती. घरातला फोटो ट्रंकेत ठिवलाय. जयंतीला गावी जाते, तर तुम्हाला सांगते, मावशी आजारी हाय. गावाकडचं कुणी भेटायला आलं की माझ्या तोंडचं पाणी पळतं.

आन् ताईंनी नाटक कुठलं बसवावं? खोली न मिळणाऱ्या पोरीचं. आन् मला काम दिलं घरमालकिणीचं! काकू, तुम्ही बघायला आलात, पोट धरून हसलात. "अगं, थेट माझ्यासारखी बोलतीस की!" म्हणालात. मी पण हसले. पाचावर धारण बसलेली, तरी हसले.

त्या दिवशी ताईंना विचारलं, "तुम्हाला न्हाई का वो भीती वाटत?" त्या म्हणाल्या, "दर वेळेला वाटती. नाव सांगितलं की वाटतं, आता दगड येतोय. भीती जायची वाट बघितली असती तर अजून नुसते ब्लाऊजच शिवत बसले असते." मला त्यांनी कधी जबरदस्ती केली न्हाई. "तुझी भीती खोटी न्हाई पोरी," एवढंच म्हणायच्या.

काल ग्रुपमधली पोरं आली. रविवारी यवतला प्रयोग हाय. म्हणाली, ताईंच्या जागी तू उभी राहा, पहिलं नाव तू सांग. पण माझी बहीण मंजू बारावीला हाय, पुढच्या महिन्यात पेपर. खोली गेली तर तिला घेऊन कुठं जाऊ? सकाळी निघताना तीच म्हणाली, "आक्के, आज नको बोलू." पण यवतला सांगायचं आन् इथं, ताईंच्या फोटोपुढं, गिळायचं? मग त्यांच्या जागी उभं राहायचं तरी कुठल्या तोंडानं?

सुरेखा गायकवाड. खुटबाव. बौद्धवाडा.

आवाज फाटला. ताईंनी परत म्हणायला लावलं असतं.

काकू, मंजू पहाटे अभ्यासाला उठती तवा तुम्ही तिला चहा देता. मला ताप आला तवा माझ्या उशाशी तुम्हीच बसला व्हता. ते सगळं खरं व्हतं, मला माहिताय. म्हणूनच तर लई भ्या वाटतंय. परक्यानं दार लावलं तर माणूस दुसरं दार बघतं. तुम्ही लावलंत तर काय करू?

मंडळी, आता ताईंसाठी दोन मिनिटं उभं राहूया. काकू, तुम्हाला काय बोलायचं ते त्याच्यानंतर बोला. एवढी दोन मिनिटं मला तुमच्या घरातलीच राहू द्या.