दोघांचं एकच खातं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी औषधाचे थेंब घालून, डोळे मिटून बसल्या होत्या.

“ताई, कागदाची पुस्तकं सोडून तू त्या ई-रीडरवर वाचतेस म्हणे?”

“लेकीनं दिलाय. अक्षरं मोठी करता येतात ना. पण परवा उघडला तर मलाच विचारतो, ‘दुसऱ्या यंत्रावर तुम्ही याच पुस्तकात पुढच्या पानावर गेला आहात, तिथे जायचं का?’ अंगावर काटाच आला माझ्या!”

“अगं बाई! कोण वाचत होतं?”

“तुझे भावोजी. लेकीनं त्यांनाही एक दिलाय, आणि पुस्तकांचं खातं दोघांचं एकच.”

“काय सांगतेस! घर सोडून गेले, इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि वाचतायत तुझंच पुस्तक?”

“तेही माझ्या पुढे!”

“दर कादंबरीचा शेवट आधीच सांगून तुझी मजा घालवायचे, तेच ना हे?”

“तेच. मग मीही जेवणखाण सोडून पुस्तक संपवलं, त्यांना फोन लावला, खुनी कोण ते सांगितलं आणि ठेवून दिला.”

“ताई! तू फोन केलास? त्यांना?”

“केला.”

“मग?”

“मग काय! संध्याकाळी त्यांचा आला. आता पुढचं कुठलं उघडू, विचारत होते.”