फ्यूजकाकांच्या नावावरचा शेरा

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम. मुद्दाम वेळ काढून प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आपले माजी अधीक्षक सर. व्यासपीठावरचे सर्व विभागप्रमुख. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती, म्हणजे आपले फ्यूजकाका. पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या काकू. आणि कोणाकोणाला गळ घालून, ड्यूटी बदलून आलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी रक्तपेढीची मुख्य तंत्रज्ञ. भाषणाची मला सवय नाही. आयोजकांनी मला सांगितलं, 'पाच मिनिटं बोला, एखादा गमतीदार किस्सा सांगा आणि बसा.' किस्सा सांगणार आहे. गमतीदार आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

मघाशी आस्थापनेच्या हेडक्लार्क साहेबांनी काकांचा सेवाकाळ वाचून दाखवला. किती सफाईने वाचला! पंचवीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ, आणि शेवटची सहा वर्षं भांडार विभाग. मधे काय झालं ते त्यांनी सभ्यपणे गाळलं. पण इथे कोणाला माहीत नाही? काकांच्या सेवापुस्तकात एक शेरा आहे. 'अनधिकृत फेरफार व निष्काळजीपणा.' आज पाच वाजता ऑफिस बंद होईल, सेवापुस्तकही बंद होईल, आणि तो शेरा कायमचा काकांच्या नावावर राहील. मला त्याच शेऱ्याबद्दल बोलायचं आहे. काका, मान हलवू नका. मी बघतेय.

आधी काकांबद्दल चार शब्द. हे नाव त्यांना कोणी दिलं माहीत नाही, पण फ्यूज उडाला की सगळे त्यांच्या नावाने हाका मारायचे. चष्म्याची काडी तारेने बांधलेली. मशीनशी बोलायची सवय. एक्स-रेचं मशीन बंद पडलं तर आधी त्याला म्हणायचे, 'काय बाबा, काय झालं? कोणी काही बोललं का?' आम्ही हसायचो. आणि अर्ध्या तासात ते मशीन चालू व्हायचं. त्यांचा एकच नियम होता. उघडलेल्या मशीनजवळ जो उभा राहील त्याने हात खिशात घालायचे. मग तो डॉक्टर असो नाही तर खुद्द अधीक्षक. सर, तुम्हीही उभे राहिला होतात, आठवतं ना?

तर सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मला नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. रक्तपेढीच्या मोठ्या फ्रीजला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला होता. फ्रीजमधलं तापमान स्क्रीनवर दाखवायचं आणि ते वर गेलं की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. तो आल्यापासून फ्रीजच्या दारावरच्या गोल थर्मामीटरकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. एक दिवस त्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. नवा बोर्ड चालेना, कारण फ्रीजची वायर ज्या कार्डाला जोडायची ते कार्डच जुन्या घडणीचं. नवीन यंत्रणा मंजूर व्हायला वर्ष लागणार होतं. काकांनी भंगारातून त्याच काळातला दुसरा एक बोर्ड शोधून काढला. कार्ड त्यात बसलं, पण बोर्ड काही त्याला ओळख देईना.

इथे मला बायोस म्हणजे काय ते सांगायला हवं. काकांच्याच शब्दांत सांगते. 'कॉम्प्युटरला जाग आली की त्याला काहीच आठवत नसतं. मी कोण, मला हातपाय किती, हे सगळं नखाएवढ्या एका चिपमध्ये लिहिलेलं असतं. आधी तो ते वाचतो.' त्या जुन्या कार्डासाठी जागा राखायची सेटिंग त्या चिपमध्ये होती, पण बोर्ड बनवणाऱ्यांनी ती मेनूत दिसू दिली नव्हती. काढून टाकली नव्हती, नुसती झाकली होती. काकांनी चिपमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, झाकलेलं पान उघडं केलं आणि ते सगळं एका वेगळ्या चिपवर लिहिलं. मूळ चिप गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जपून ठेवली. सर, तुम्ही त्यांना म्हणाला होतात, 'जमतंय का बघा.' ते लेखी नव्हतं. पण मी तिथेच उभी होते. हात खिशात घालून.

कॉम्प्युटर सुरू झाला आणि मेनूत एकदम चाळीसेक नव्या ओळी आल्या. मी टाळ्याच वाजवल्या. काकांनी त्यातली एक ओळ बदलली, आणि कार्ड ओळखलं गेलं. मग ते मला म्हणाले, 'हे बघ, आपलं काम या एका ओळीचं. बाकीच्यांना हात लावायचा नाही. त्या झाकणाऱ्याला काहीतरी भीती वाटली असेल म्हणून त्याने झाकल्या.' मी म्हटलं, 'हो काका.' किती पटकन म्हटलं!

आता काका, तुम्ही खाणाखुणा करून मला बसायला सांगताय, ते सगळ्या हॉलला दिसतंय. मी नाही बसणार.

दोन दिवसांनी काका ऑपरेशन थिएटरचा दिवा दुरुस्त करायला गेले होते. मी एकटी होते. तो कॉम्प्युटर अगदीच मंद. तापमानाचा आलेख उघडायला तीन-तीन मिनिटं लागायची आणि आमचे डॉक्टर माझ्यावर खेकसायचे. त्या उघड्या पानावर मेमरीने दर वेळी किती थांबायचं त्याचे आकडे होते. मी कुठेतरी वाचलं होतं की ते आकडे कमी केले की कॉम्प्युटर पळायला लागतो. मी कमी केले. आणि खरंच पळायला लागला! डॉक्टर म्हणाले, 'अरे वा, आता कसा सरळ आला!' ती शाबासकी मी घेतली. काकांना सांगितलं नाही. रागावतील म्हणून नाही सांगितलं, बाकी काही कारण नव्हतं.

नऊ दिवस छान गेले.

दहाव्या दिवशी दुपारी फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडला. भोंगा वाजला नाही. कारण त्याआधीच कॉम्प्युटर थिजला होता. घाईघाईत पळणाऱ्या मेमरीने कुठेतरी ठेच खाल्ली आणि स्क्रीन आहे तसा उभा राहिला. काळा नाही झाला हो! काळा झाला असता तर मी किंचाळले असते. त्याच्यावर शांतपणे चार पॉइंट दोन डिग्री असं लिहिलेलं होतं. मी दर अर्ध्या तासाने वहीत लिहीत होते. चार पॉइंट दोन. चार पॉइंट दोन. एकाखाली एक पाच वेळा, माझ्या अक्षरात, सहीसकट.

पावणेपाचला काका सहज डोकावले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, 'अगं, याच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं कशी?' मी हसले. म्हटलं, 'काका, जुनंच ते.' ते हसले नाहीत. त्यांनी फ्रीजच्या दारावर हात ठेवला, मग दार उघडलं, एक पिशवी हातात घेतली आणि माझ्या हातात दिली. कोमट होती.

आणि तेवढ्यात थिएटरचा फोन वाजला. तिसरं बाळंतपण, रक्तस्राव थांबत नाही, चार पिशव्या ताबडतोब पाठवा. त्या बाईच्या गटाच्या आमच्याकडे चारच पिशव्या होत्या. त्याच फ्रीजमध्ये.

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, 'आमचं रक्त वापरू नका, खराब झालंय, दुसरीकडून मागवतो.' गाडी गेली. रक्त यायला पन्नास मिनिटं लागली. ती पन्नास मिनिटं मी कुठे होते? थिएटरबाहेर. त्या बाईची आई तिथे बाकावर बसली होती, मांडीवर लेकीची चप्पल घेऊन. माझा ॲप्रन बघून तिने मला विचारलं, 'बाई, मिळालं ना हो रक्त?' मी म्हटलं, 'येतंय.' पाच मिनिटांनी परत. 'बाई, आलं का?' मी परत म्हटलं, 'येतंय.' आत कोणी पळताना दिसलं की ती उठून उभी राहायची आणि माझा जीव जायचा. मला तिथून पळून जायचं होतं. गेले नाही.

ती बाई वाचली. बाळही वाचलं. पण मंडळी, एक विचार मला अजून सोडत नाही. काका दहा मिनिटं उशिरा आले असते तर? मी फ्रीज उघडला असता, पिशवी हाताला कोमट लागली असती, आणि स्क्रीनवर चार पॉइंट दोन दिसत असतं. मी कशावर विश्वास ठेवला असता? हातावर, की स्क्रीनवर? सहा वर्षं स्वतःला विचारतेय. खरं सांगते, मला उत्तराची भीती वाटते.

त्या संध्याकाळी काकांनी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि मेनू उघडला. मेमरीचे आकडे बघितले. हळूच म्हणाले, 'या ओळीला मी हात लावला नव्हता.' आणि माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. झालं. त्यांना कळलं आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं.

चौकशीत सरांनी विचारलं, 'बायोस कोणी उघडला?' काका म्हणाले, 'मी.' सरांनी विचारलं, 'मग हे आकडे?' काका म्हणाले, 'सर, मी ते पान उघडलंच नसतं तर बदलायला काही राहिलंच नसतं.' सर, तुम्ही तो कबुलीजबाब धरला. तुमचा दोष नाही, ते बोललेच तसे. मी भिंतीला टेकून उभी होते. घर माझ्या पगारावर होतं. आणि त्या बाईच्या घरच्यांनी पोलिसांत जायची भाषा केली होती. मी घाबरले. याहून मोठं कारण शोधलं, पण सापडलं नाही. मी घाबरले आणि मूग गिळून गप्प बसले.

नंतर मी त्यांना विचारलं, 'काका, का केलंत असं?' तर म्हणाले, 'मला फार तर ओरडा बसेल गं. तुला घरी पाठवतील. जा, आता दर तासाला दाराला हात लावून बघत जा.' त्यांना वाटलं होतं, ओरड्यावर निभावेल. पण त्यांना भांडारात बसवलं. झाडू, बादल्या आणि चादरी मोजायला. हे हात! थिएटरचा दिवा बिघडला की बाहेरचा माणूस यायचा, आणि काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारातून नुसते बघायचे. मी तिथून जाताना मान खाली घालायचे. तीन वर्षांपूर्वी मला बढती मिळाली, तेव्हा सगळ्यात आधी अभिनंदनाला कोण आलं? काकाच. मला तोंड लपवायला जागा सापडेना.

आजही मी गप्प बसले असते. माझ्यात तेवढा भित्रेपणा आहे. पण मागच्या आठवड्यात या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला मी काकांच्या घरी गेले. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, 'एक विचारू का गं? तू तर तिथेच होतीस. यांचा हात कधी चुकला नव्हता. मग त्या वेळी असं कसं झालं यांच्याकडून? मी विचारलं की नुसते हसतात. शेजाऱ्यांचा रेडिओसुद्धा उघडत नाहीत आता.'

सहा वर्षं! स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नाही या माणसाने. आणि मी तिथेही 'बघू हं काकू' असं काहीतरी पुटपुटून निघून आले.

काकू, आता सगळ्यांसमोर सांगते. त्यांचा हात चुकला नव्हता. ते आकडे मी बदलले. त्यांनी नको म्हटलेलं असताना बदलले, आणि बदलल्याचं लपवलं. तो शेरा माझा आहे.

नाही काका, उठू नका. इतकी वर्षं तुम्ही उभे राहिलात, आता मला उभं राहू द्या.

अध्यक्ष मॅडम, हे सगळं मी लिहून, सही करून आणलंय. हे पत्र तुमच्यासमोर ठेवते. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ दे. मला तिची भीती वाटते, वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण शेरा लिहिणारे सर इथे आहेत, तो रद्द करू शकणाऱ्या तुम्ही इथे आहात, आणि सेवापुस्तक पलीकडच्या खोलीत आहे.

मला बोलू दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. गमतीदार किस्सा हवा होता, तेवढा काही जमला नाही. भाषण संपवताना बोलण्यातल्या चुकांची माफी मागतात. माझी चूक बोलण्यातली नव्हती, न बोलण्यातली होती. तिची माफी मी काकांकडे आणि काकूंकडे मागते. ती आजच मिळावी असा हट्ट नाही.

हेडक्लार्क साहेब, पाच वाजायला वीस मिनिटं आहेत. सेवापुस्तक आणताय ना?