हेडविगबाईंची करंजी

सुमित्रा : कडा दाबलीय हो नीट. चष्मा लावूनच दाबलीय.

उल्हास : जवळ... आण.

सुमित्रा : घ्या, बघा. पन्नास वर्षं करंज्या करतेय, त्यात ही एक जर्मन.

उल्हास : डावा कोपरा. हवा आहे. फुटेल.

सुमित्रा : जहाजावरून उतरून अठरा वर्षं झाली, तरी बॉयलर काही डोक्यातून जात नाही. काढते हवा. हनुवटी पुसू का?

उल्हास : मी पुसतो. उजवा हात... चालतो. जायफळ घातलंस?

सुमित्रा : घातलं. पालक, कांदा, दुधात भिजवलेला शिळा पाव. मटणाच्या जागी टोफू. आपल्या घरमालकीण हेडविगबाई असत्या ना, तर टोफू बघून त्यांनी ऑग्सबर्गच्या त्या खोलीतून सामानासकट बाहेर काढलं असतं आपल्याला. माउलटाशन, ही त्यांची करंजी, म्हणजे आत मटणच, म्हणायच्या.

उल्हास : तळलीस तेव्हा... नाही काढलं.

सुमित्रा : दिवाळी होती ती! तुम्ही दिवसभर इंजिनच्या कारखान्यात ट्रेनिंगला, आणि मी घरात एकटी. पणती नाही, कढई नाही. त्यांनी सूपमध्ये शिजवलेल्या, पालकाच्या, माझ्यासाठी वेगळ्या केलेल्या आणून दिल्या. म्हटलं, दिवाळीला उकडलेलं कसलं खायचं? पुसून कोरड्या केल्या, रव्यात घोळवल्या, दिल्या सोडून तेलात. खाताना काय आवाज व्हायचा! तुम्ही सात खाल्ल्यात.

उल्हास : नऊ.

सुमित्रा : बरं, नऊ. उभं राहून राहून पोटऱ्या भरून आल्या माझ्या. तेल तापतंय, तोवर टेकते जरा.

चैताली : आई, तळण काढलंय? अरे वा! पण बाबांना नाही ना? मंगळवारी गिळण्याची टेस्ट झाली तेव्हा डॉक्टरांनी लिहूनच दिलंय, यापुढे फक्त प्युरे, वाटून केलेला लगदा. पुन्हा टेस्ट नाही.

सुमित्रा : माहीत आहे गं मला. मीच होते ना तिथे.

चैताली : तसं नाही हो, छातीत गेलं तर परत ॲडमिट करावं लागेल. आणि तुम्ही खा हं यातलं. परवा खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून तुमच्यासाठी गरम रोटी प्राटा आणला, आपल्या पराठ्यासारखा, तो तसाच फ्रिजमध्ये आहे. चला, माझा तीनचा कॉल आहे. दार लावून घेते.

उल्हास : सूनबाई... खरं बोलते.

सुमित्रा : हळू बोला. एवढासा तुकडा देणारेय मी तुम्हाला. चावा आणि थुंकून टाका. तिला नाही कळायचं.

उल्हास : का?

सुमित्रा : खावीशी वाटते म्हणालात ना सकाळी? म्हणून तर एवढा घाट घातला.

उल्हास : खरं... सांग.

सुमित्रा : माझा नेम आहे. तुम्हाला झटका आला तेव्हा देवापुढे बोलले होते. तुम्ही कुरकुरीत काही खाल, त्या दिवशी मी खाईन. तोवर तुमच्या वाटीतलंच. वाटलं होतं, महिना, दोन महिने.

उल्हास : आठ झाले.

सुमित्रा : हो. तोच भाताचा लगदा, तोच भोपळ्याचा. तुम्हाला इलाज नाही, आणि मला तोंडाने बोलवत नाही... पण थकले हो मी. एकदा चावा नुसतं. माझी सुटका होईल.

उल्हास : घशात गेला तर?

सुमित्रा : तेल तापलं वाटतं.

उल्हास : आधी तळ.

सुमित्रा : खुर्ची मागे घेते तुमची, तेल उडेल. तोवर खिडकीतून समुद्रातली जहाजं मोजा.

(बशी दोघांच्या मधे.)

सुमित्रा : घ्या. कडेचा नाही, मधला दिलाय.

उल्हास : मला नको. तुझ्यासाठी करायला लावल्या.

सुमित्रा : म्हणजे सकाळी खोटं बोललात?

उल्हास : नाहीतर... कढई चढवली असतीस?

सुमित्रा : आणि देवाला काय सांगू?

उल्हास : हेडविगबाई गुड फ्रायडेला... मटण पारीत का भरायच्या?

सुमित्रा : उपास ना त्या दिवशी. वरून नुसतं पीठ दिसतं, म्हणायच्या, आतलं देव कुठे उघडून बघतोय! आणि हसायच्या पदराएवढा एप्रन तोंडाला लावून. पण तो त्यांचा देव. आपल्या देवाला सगळं दिसतं.

उल्हास : मग माझा घसाही... दिसला असेल.

सुमित्रा : असं नका बोलू.

उल्हास : मऊ पडतील. खा. दात आहेत ना?

सुमित्रा : माझे तोंडात आहेत, तुमच्यासारखे पेल्यात नाहीत.

उल्हास : मग इकडे ये. या कानाशी बसून चाव. आवाज... ऐकतो.

सुमित्रा : बसले. (करंजी चावते.) आलं ऐकू?

उल्हास : नाही. अजून एक घे.