अक्का घरीच होती

बंधुभगिनींनो, आज आमच्या अंगणात तुम्ही एवढे जण बसला आहात. कुणाच्या हातात बायबल आहे, कुणाच्या कपाळी कुंकू. अक्काबद्दल दोघांसमोर बोलणं मला सारखंच जड जातंय.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. बाबांनी आम्हा दोघींना घरीच शिकवलं. वचनं सगळी मला पाठ. अक्का अर्ध्यावर अडकायची आणि हसायची. बाबा म्हणायचे, "धाकटी साक्ष देईल, थोरली स्वयंपाक करील." मला ते खरंच वाटलं.

बाबांना इथल्या नव्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही नगरहून बसवनगुडीत आलो. त्याच वर्षी शेजारच्या गौरम्मांचं तान्हं बाळ गेलं. नळावर बायका त्यांच्याकडे बघून म्हणत होत्या, "पाप, पाप." मला वाटलं, बाईच्या पापाला बोल लावतायत. मी पुढे झाले. म्हटलं, "गौरम्मा, पश्चात्ताप करा. प्रभू पापांची क्षमा करतो." भरलेली घागर तिथंच टाकून त्या निघून गेल्या.

अक्का म्हणाली, "अगं शहाणे, इथं कानडीत पाप म्हणजे बिचारी! तिचं लेकरू गेलंय, आणि तू तिला पश्चात्ताप करायला सांगतेस?"

घागर तिनंच पोचवली. मग रोज जाऊन त्यांची भांडी घासली. येशूचं नावही काढलं नाही. महिन्याभरानं गौरम्माच म्हणाल्या, "अक्का, भांड्यांना हात लावायच्या आधी तुम्ही डोळे मिटून कुणाशी बोलता? स्वल्प मलाही सांगा."

अक्काला विचारलं. मला नाही. वचनं मला पाठ, आणि विचारलं तिला! मंडळी, माझ्या मत्सराला मी प्रभूच्या कामाची कळकळ म्हणत राहिले. किती वर्षं?

गेल्या सोमवारी गौरम्मा दारात आल्या. "अक्का इद्दारा?" आहेत का अक्का? अक्का आत तापानं पडली होती. मी म्हटलं, "नाही. काय हवंय? मी सांगते ना."

"सरी, बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

आतून अक्कानं विचारलं, "कोण गं? गौरम्मा का?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

बुधवारी अक्का गेली.

गौरम्मा, तुम्हाला आमचं मराठी कळतं. अक्का घरीच होती. तिनं तुमचं नाव घेतलं होतं.

शेवटची प्रार्थना माझ्याकडे दिली आहे. मी ती लिहूनही आणली आहे. पण ती मी करणार नाही. गौरम्मा, तुम्ही करा. तुमच्या भाषेत, जमेल तशी. त्या बोलेपर्यंत आपण सगळे गप्प उभे राहू या. कितीही वेळ लागो.