धुऱ्यावरच्या काड्या

देवमन : उपटल्या त उपटल्या! दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर लाल चिंध्यायच्या काड्या रोवाले तुले कोनं सांगतलं? मारोतरावनं ना?

रंजीता : काका, तुमच्या भावाचा काही संबंध नाही. मी वाशीमच्या कॉलेजातून येते. प्रत्येक काडीखाली सरडीची अंडी होती. महिनाभराचं काम होतं माझं.

देवमन : अंडी म्हने! दरसाल वखरताना वीतभर धुरा कोरते तो. आता मोजाले शिकलेली पोरगी आनली.

रंजीता : अहो, मी खरंच सरड्यांचं बघते. माती कोरडी असली ना, तर सरडी अंडी टाकतच नाही. पोटात धरून ठेवते.

देवमन : कोनाले येडं बनवतं? गाभन म्हैस थांबते काय अशी?

रंजीता : म्हैस नाही थांबत, ही थांबते. पाऊस पडून ओल झाली की उकरून पाहते. अंडी टाकली की माती लोटते, वरून डोक्यानं दाबते. वावरातली वखराखाली फुटतात, धुऱ्यावरची वाचतात.

देवमन : बरं. मंग तुह्या या वहीत बाभळीपासून फूट कायले लिवले?

रंजीता : मागल्या सालच्या जागा आहेत त्या. ही चार घरटी धुऱ्याच्या मधोमध होती. आज तिथं सोयाबीन उभं आहे.

देवमन : पाय! म्हनलं होतं ना मी? कोरलाच त्यानं!

रंजीता : काका... सोयाबीन तुमचं आहे. त्यांची तूर मागच्या साली जिथवर होती, तिथवरच आहे.

(देवमन वही मिटतो.)

देवमन : ट्रॅक्टरवाल्याले म्याच सांगतलं, चिकटून घे म्हनून. तो कोरते, त आपुन काहून सोडाव?

रंजीता : त्यांनी नाही कोरला.

देवमन : आयकलं. त्याले दाखवली काय हे वही?

रंजीता : नाही.

देवमन : खोटं नको बोलू. काल त्याच्या वट्ट्यावर चाय पेत होती तू. म्या सोता पायलं. लय वेळ बोलून राह्यला होता. काय पुसत होता तो?

रंजीता : तुमचा खोकला थांबला का, ते.