पारावर बसलेल्या दोघी

न्हाई न्हाई दादा, फोनमदला समदा फोटो नका पुसू — तोच तर माज्या ल्योकाला, अमृतला दाखवायचाय. त्यातनं ही डावीकडची बाई तेवढी काढायची. व्हय, डोक्यावर पदर हाय ती. कोन म्हंजे? मीच की. अशी निरखून काय बघताय — पारावर बसलेली बाई कदी बघितली न्हाई? मी तरी कुटं बघितलीवती.

ही शेजारची राजेश्वरी, माजी सून. तिला नाद हाय — फोन इटंला टेकवायचा, टायमर लावायचा अन् पळत जाऊन बसायचं, जितं गडीमानसं बसत्यात तितं. ट्रॅक्टरवर, सोसायटीच्या खुर्चीत. म्हनती, आत्या, आपन बी हितंच ऱ्हातो न्हवं, मग दिसाय नको? आता आमच्या परंदवडीत पारापुढनं जाताना बाईनं चपला हातात घ्यायच्या — लगीन होऊन आले तवापास्नं घेतल्यात मी. त्या दुपारी पार मोकळा व्हता, तर ती म्हनली चला — न्हाई, खोटं कशाला बोलू, ती न्हाई म्हनली, मीच म्हनले. मीच आदी चढले, चपलांसकट. पाय पसरून बसले. लय बरं वाटलं दादा.

गावातल्या हौशीरामनं दोगींना फोटो काढताना लांबनं बघितलं, त्याला नुसती राजेश्वरीच वळखू आली. त्यानं अमृतला सांगितलं. अमृतनं तिचा फोन हिसकला, रागात फोटो उगडून बी न बघता माज्याकडं ठिवाय दिला अन् इच्यारलं, आई, संगट कोन व्हतं? तू? मी म्हनले, मी कशाला जाते तितं. राजेश्वरी समोरच व्हती. तिनं माज्याकडं बघितलं अन् खाली मान घालून भाकरी थापाय लागली. आज सांजच्याला तिच्या बापाला बोलावलंय, फोटो दाखवून पोरीला माहेरी धाडनार म्हनतो — अन् मी हितं तुमच्या दुकानात काय करते, तर फोटोतनं सोताला कापून घेते. लाज वाटती दादा, तुमच्याफुडं बसायची बी लाज वाटती.

झालं? बघू. — ह्यो हात कुनाचा ऱ्हायला तिच्या मनगटावर? माजाच की. उतरताना न्हवं, बसल्यावरच धरलावता मी, भ्या वाटलं म्हनून. काय म्हनता, तो बी निघंल?

न्हाई. नका काढू. मला परत घाला तितं, जशी व्हते तशी. — आली? द्या फोन. अमृतला मीच दाखवते, तिच्या बापासमोर. आता काय इच्यारू नका मला, बाजूला व्हा, जाऊ द्या.